दोन्ही घरचा पाहुणा

प्लोव्दिवमध्ये, मारित्सा नदीच्या अलीकडे,
स्तानिमिराचं दुकान तीन पायऱ्या खाली होतं.
खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसत.
तिथूनच ती हवामान सांगायची:
आज बर्फ मऊ आहे, आज घसरतील.
शेजारी चावीवाला. त्याच्या कानशीचा आवाज
भिंतीतून दिवसभर येत राही, दाढेत शिरे.

मी एकोणीस वर्षांचा, तिच्याकडे शिकायला.
पहिल्या दिवशी तिनं पेचकस दिलाच नाही.
एक मेलेलं कार्ड हातात ठेवलं, म्हणाली, डोळे मीट,
काठावरून बोट फिरव.
दात, दात, दात,
मग एकदम दात पडल्यासारखी रिकामी जागा.

"ही खाच. मोडलंय असं समजू नकोस.
पत्र्याच्या पट्टीजवळ असली तर हे तीन पूर्णांक तीन व्होल्टचं,
म्हणजे सव्वातीनच्या पुढे, साडेतीनच्या आत.
पट्टीपासून लांब असली तर दीडचं.
बोर्डावरच्या फटीत तिच्या मापाचा अडसर असतो.
तो आडवा आला की कार्ड परत घ्यायचं.
जोर लावायचा नाही.
आणि शेजाऱ्याची कानस मागायला जायचं नाही."

आणि दोन्हीकडे खाच असली तर?

"तर ते दोन्ही घरी जेवतं. निर्धास्त बसव."

फेब्रुवारीत आस्पारुख आला,
लग्नातल्या वाजंत्र्यांचे अकॉर्डियन जुळवून देणारा.
पडद्यावर सुरांच्या लाटा बघायचा, म्हणून संगणक.
बोर्ड नवा, दीड व्होल्टवाला.
चित्राचं कार्ड पुतण्याचं, जुनं, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं.
स्तानिमिरा पोस्टात गेली होती.
मी डोळे मिटून बोट फिरवलं.
दोन खाचा. दोन्ही गुळगुळीत, कारखान्यातल्या.
कार्ड बसलं, लोण्यात सुरी जावी तसं.
कुठं काही आडवं आलं नाही.
मी, दीड व्होल्टसमोरचा दीडशहाणा,
आस्पारुखकडे बघून हसलो आणि बटण दाबलं.

पंखा अर्धा वेढा फिरला.
थांबला.

आवाज म्हणाल तर काहीच नाही.
नंतर वास आला.
शेंगदाणे करपावेत, पण त्यात गोडवा नसावा, तसा.

"माझ्या धंद्यात," आस्पारुख हळूच म्हणाला,
"चुकीची पट्टी बसवली की ऐकू येतं.
तुमच्यात नुसता वास येतो, तोही सगळं झाल्यावर."

स्तानिमिरा पायऱ्यांवरच समजली.
कोट न काढता तिनं भिंग घेतलं,
कार्ड दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिली.
मला वाटलं, आता माझी खैर नाही.
"खाचा दोन," ती म्हणाली, "पण पोटात एकच आवाज, मोठ्याचा.
ज्यानं कापल्या, त्याला सगळीकडे खपवायचं होतं."
मग भिंग पुसत, माझ्याकडे न बघता:
"निर्धास्त हा शब्द मात्र माझा होता."

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात.
हा जेवला, आणि यजमानाला घेऊन गेला.

तिनं स्वतःच्या मशीनमधला बोर्ड काढून आस्पारुखला दिला.
तीन आठवडे बिलं हातानं लिहिली,
तिचा सात एकसारखा दिसे, गिऱ्हाइकं भांडत.
खिळ्याला एक वही टांगली:
कार्डाचं नाव, खाचा किती,
आणि तिसऱ्या रकान्यात, खरंच मागतं किती.
पहिली ओळ तिनं माझ्याकडून लिहून घेतली.
वही भरत आली तेव्हा फटीच बदलल्या,
नव्या कार्डांना तिची गरज उरली नाही.
स्तानिमिरा आता मुलीकडे, वार्नाला असते.
दुकानात कोणीतरी मोबाइलची कव्हरं विकतो.

माझं एवढंच राहिलंय.
नवी चावी कुलपात पहिल्याच झटक्यात फिरली,
अजिबात अडली नाही,
की दार ढकलण्याआधी
मी तिथंच, बायकोच्या हातात पिशव्या असताना,
जरासा वाकतो आणि हुंगतो.